धूर नेमका कुठला? वणव्याच्या धुराचा उपग्रहचित्रांतून लागणारा माग

फेब्रुवारी सरत आला की सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पानगळ होते, गवत वाळून पिवळे पडते आणि वणव्यांचा हंगाम सुरू होतो. पुढचे तीन-साडेतीन महिने, पहिला पाऊस पडेपर्यंत, डांगपासून सत्तरीपर्यंतच्या पट्ट्यात कुठे ना कुठे धूर दिसतोच. दादरा आणि नगर हवेलीतील सिल्वासानजीकचे खडोली हे गाव या पट्ट्याच्या उत्तर टोकाजवळ येते. गोव्यातील म्हादईचे खोरे तेथून दक्षिणेला सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. धूर उतरला की दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो : हा धूर नेमका कुठून आला?

खडोलीसारख्या गावात या प्रश्नाचे उत्तर सोपे नसते. पूर्वेकडे दादरा आणि नगर हवेलीचे जंगल आणि त्यापलीकडे सह्याद्रीच्या रांगा आहेत. भोवती भातशेती आहे. गावाच्या परिसरातच औद्योगिक वसाहत आहे आणि वायव्येला वापीचे मोठे औद्योगिक शहर आहे. शिवाय अवघ्या ४९१ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाला गुजरातचा वलसाड जिल्हा आणि महाराष्ट्रातील पालघर व नाशिक हे जिल्हे लागून आहेत. धूर एका प्रशासनाच्या हद्दीत निघतो आणि दुसऱ्याच्या हद्दीत श्वासावाटे आत जातो. अशा वेळी दोष बहुधा त्याच्यावर येतो, ज्याची आग डोळ्यांना दिसते. मग तो राब भाजणारा आदिवासी शेतकरी असो वा जवळचा कारखाना. आकाशातून घेतलेली चित्रे या वादात साक्षीदार म्हणून उपयोगी पडतात. मात्र त्या साक्षीच्या मर्यादा माहीत नसतील, तर ती दिशाभूलही करू शकते.

एकाच आकाशात तीन प्रकारचा धूर

या पट्ट्यातील धुराचे ढोबळ मानाने तीन प्रकार होतात. पहिला वणव्याचा. येथील वणवा सहसा झाडांच्या शेंड्यांवरून धावत नाही. तो जमिनीवरचा पालापाचोळा आणि वाळलेले गवत जाळत सरकतो. ज्वाळा कमी, धुमसणे अधिक, त्यामुळे उष्णतेच्या मानाने धूर पुष्कळ निघतो.

दुसरा शेतीचा. ठाणे, पालघर, डांग आणि दादरा-नगर हवेलीत भाताची रोपे तयार करण्यापूर्वी राब भाजण्याची जुनी पद्धत आहे. फांद्या, पाला, गवत आणि शेण यांचे थर वाफ्यावर रचून ते जाळतात. त्यामुळे तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. दक्षिण कोकणात आणि गोव्यातही तरव्याची जमीन भाजण्याची आणि डोंगरउतारावरील कुमेरी शेतीची परंपरा होती. राबाची आग छोटी असते आणि थोड्या वेळात विझते. पण मेच्या उत्तरार्धात ती एकाच वेळी शेकडो वाफ्यांवर पेटलेली असते.

तिसरा प्रकार उद्योगांचा. बॉयलरच्या चिमण्यांतून निघणारा नित्याचा धूर आणि एखाद्या कारखान्याला आग लागल्यावर उठणारा काळा लोट हे दोन्ही त्यात येतात. १० जानेवारी २०२३ रोजी पिळर्ण औद्योगिक वसाहतीतील रंगाच्या कारखान्याला लागलेली आग गोमंतकीयांच्या स्मरणात असेल. त्यानंतर दोन महिने उलटण्यापूर्वीच म्हादईच्या जंगलात वणवे लागले. हे दोन धूर घटकांनी, उंचीने आणि परिणामांनी पूर्णपणे भिन्न होते.

उपग्रहाला आग कशी दिसते

उपग्रह प्रथम आग पाहतो आणि नंतर धूर. आगीचा शोध उष्णतेवरून लागतो. तापलेली वस्तू अवरक्त किरण सोडते. साध्या जमिनीचे उत्सर्जन ११ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते, तर जळत्या लाकडाचे ४ मायक्रॉनच्या जवळपास एकदम वाढते. या दोन तरंगलांबींवरील तापमानात मोठी तफावत आढळली की त्या चौकोनात आग असल्याचे गणिताने ठरवले जाते. ४ मायक्रॉनचे किरण पातळ धुरातून बऱ्याच अंशी पार होतात, म्हणून धुराच्या पडद्याआडची आगही सापडते. दाट ढगातून मात्र ते येत नाहीत.

या कामातील जुने साधन म्हणजे नासाच्या टेरा (१९९९) आणि ॲक्वा (२००२) या उपग्रहांवरील मॉडिस. त्याचा उष्णता मोजणारा चौकोन १ किलोमीटर बाजूचा, म्हणजे १०० हेक्टरांचा आहे. नवे साधन व्हिर्स हे सुओमी एनपीपी (२०११), नोआ-२० (२०१७) आणि नोआ-२१ (२०२२) या उपग्रहांवर आहे. त्याचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांचा. हे सारे उपग्रह ध्रुवीय कक्षेत फिरतात. व्हिर्स असलेले उपग्रह आपल्या आकाशातून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात.

भारताचे इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, जमिनीच्या संदर्भात एकाच जागी असतात. ते दर अर्ध्या तासाला चित्र पाठवतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू. पण त्यांचा अवरक्त चौकोन ४ किलोमीटरचा आहे. दादरा आणि नगर हवेलीचा सारा प्रदेश अशा सुमारे तीस चौकोनांत मावतो. एवढ्या मोठ्या चौकोनात एका टेकडीवरचा वणवा हरवून जाऊ शकतो.

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वणव्यांच्या सूचना राज्यांच्या वन खात्यांना पाठवते. आगीचा चौकोन कोणत्या वनक्षेत्रात आणि कोणत्या बीटात पडतो, हे नकाशावर जुळवून ती माहिती मोबाइलवर वनरक्षकापर्यंत पोहोचवली जाते. सामान्य नागरिकालाही या सूचनांसाठी नाव नोंदवता येते.

लाल ठिपक्याचा अर्थ

नकाशावर दिसणारा लाल ठिपका म्हणजे आगीची जागा, असा समज सर्वत्र आहे. वास्तविक तो ठिपका चौकोनाच्या मध्यावर काढलेला असतो. आग त्या १४ हेक्टरांत कुठेही असू शकते. उपग्रह तिरक्या कोनातून पाहत असेल तर चौकोन याहून मोठा असतो. खडोलीच्या परिसरात एवढ्या जागेत चार-पाच शेतकऱ्यांची शेते, ओढ्याकाठची झाडी आणि एखाद्या कारखान्याची शेड सहज मावते. त्यामुळे केवळ ठिपक्यावरून एखाद्याच्या सातबाऱ्यावर आग नोंदवणे शास्त्राला धरून नाही.

औद्योगिक भागात आणखी एक गुंतागुंत असते. भट्ट्या, तापलेल्या चिमण्या, क्वचित दुपारच्या उन्हात चमकणारी पत्र्याची मोठी छपरेही आग म्हणून नोंदली जातात. ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. वणव्याचा ठिपका दिवसागणिक सरकतो आणि पावसाळ्यात नाहीसा होतो. कारखान्याचा ठिपका वर्षभर त्याच जागी येत राहतो.

धुराची ओळख

आग सापडली तरी धूर कोणत्या दिशेने गेला, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. साध्या रंगीत उपग्रहचित्रात वणव्याचा धूर निळसर-करड्या, कडा विरलेल्या पट्ट्यासारखा दिसतो. तो एका टोकाला अरुंद आणि वाऱ्याच्या दिशेने रुंद होत जातो. अरुंद टोकाशी आगीचा ठिपका असेल तर उगमाची खात्री पटते.

ढग आणि धूर यांत गल्लत होऊ नये म्हणून लघु-अवरक्त तरंगलांबीवरील चित्र पाहतात. धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की सुमारे २ मायक्रॉनच्या प्रकाशात तो जवळजवळ पारदर्शक होतो. ढग मात्र तसाच दिसतो. रंगीत चित्रात दिसणारी आणि लघु-अवरक्त चित्रात अदृश्य होणारी पांढुरकी छटा धुराची असण्याची शक्यता अधिक असते. धुळीचे कण धुराहून जाड असतात, म्हणून ती या परीक्षेत वेगळी पडते. पश्चिम किनाऱ्यावर हा फरक महत्त्वाचा आहे. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबईवर पसरलेले गढूळ आवरण धुराचे नसून वायव्येकडून समुद्र ओलांडून आलेल्या धुळीचे होते.

तिसरे साधन वायूंचे. युरोपच्या सेंटिनेल-५पी (२०१७) उपग्रहावरील ट्रोपोमी हे उपकरण कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिनील किरण शोषणारे कण मोजते. धुमसणाऱ्या पालापाचोळ्यातून कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. बॉयलर आणि वाहनांच्या इंजिनांतील तीव्र ज्वलनातून नायट्रोजन डायऑक्साइडचे प्रमाण वाढते. एखाद्या दिवशी पहिला वायू नेहमीपेक्षा पुष्कळ चढला आणि दुसरा फारसा चढला नाही, तर संशय कारखान्यांकडून वणव्याकडे वळतो. याचा चौकोन सुमारे साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा असल्याने तो गावाचे नव्हे, परिसराचे चित्र देतो.

वाऱ्याची दिशा, वाऱ्याची वेळ

धुराचा प्रवास वारा ठरवतो. ताशी १५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने दुपारी दीडला निघालेला धूर साडेचारपर्यंत ४५ किलोमीटर जातो. सिल्वासापासून अरबी समुद्र सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. म्हणजे तीन तासांत धूर या प्रदेशाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेपलीकडे पोहोचू शकतो. ध्रुवीय उपग्रहाचे पुढचे चित्र येईपर्यंत बरेच काही घडून गेलेले असते. इन्सॅटच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चित्रांची मालिका येथे कामी येते.

किनारपट्टीच्या प्रदेशात वाऱ्याचे दैनंदिन चक्र असते. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून खारे वारे आत येतात आणि धूर सह्याद्रीच्या दिशेने ढकलतात. रात्री जमीन थंडावते, तेव्हा डोंगराकडून किनाऱ्याकडे मतलई वारे वाहतात. दुपारी डोंगराकडे गेलेला धूर पहाटे खोऱ्यातून खाली उतरतो. पश्चिम-वायव्येचा दुपारचा वारा खडोलीकडे वापीच्या बाजूची हवा आणू शकतो, तर पहाटेचा पूर्वेकडचा वारा जंगलाच्या बाजूची. वास कोणत्या वेळी आला, ही साधी नोंदही म्हणूनच उगम शोधताना मोलाची ठरते.

शास्त्रज्ञ यासाठी गणिती प्रतिमाने वापरतात. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे हिस्प्लिट हे त्यांतील सर्वपरिचित. एखाद्या ठिकाणची हवा गेल्या चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांत कोणत्या वाटेने आली, हे ते वाऱ्यांच्या नोंदींवरून उलट दिशेने काढून दाखवते. ती वाट आणि त्या वेळचे आगीचे ठिपके एकमेकांना छेदले, तर उगमाचा अंदाज बळकट होतो. डोंगर-दऱ्यांच्या प्रदेशात मात्र स्थानिक वारे प्रतिमानाच्या जाळीत नीट पकडले जात नाहीत. म्हणून त्याचा निष्कर्ष अंतिम मानत नाहीत.

मार्च २०२३ : म्हादईचा धडा

२०२३ चा फेब्रुवारी हा सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. जंगलातील पाचोळा लवकर वाळला. मार्चच्या आरंभी पूर्वेकडून कोरडे, उष्ण वारे वाहत होते आणि कोकण-गोव्यासाठी उष्णतेच्या लाटेचे इशारे देण्यात आले होते. अशा वातावरणात ५ मार्चच्या सुमारास सत्तरीतील साट्रे परिसरात, म्हादई अभयारण्यात वणवा भडकला. पुढील काही दिवसांत राज्यात ठिकठिकाणी आगी लागल्या. तीव्र उतारांवर बंब पोहोचणे अशक्य होते. वन कर्मचारी व ग्रामस्थ झाडांच्या हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होते, तर नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे वरून पाणी टाकत होती.

हे वणवे उपग्रहाच्या कसोटीचे होते. जमिनीलगत सरकणारी आग सदाहरित झाडांच्या छत्राखाली गेली की तिची उष्णता वरपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. ज्वाळांची रेषा काही मीटर रुंद आणि चौकोन १४ हेक्टरांचा. आग मंद असेल तर तिची खूण सभोवतालच्या तापलेल्या कातळात विरून जाते. त्यामुळे ठिपका उमटला तर आग आहे असे बहुधा म्हणता येते. पण ठिपका नाही म्हणजे आग नाही, असे म्हणता येत नाही. डोंगरातून धूर दिसल्याची ग्रामस्थांनी दिलेली खबर या कारणाने आजही तितकीच महत्त्वाची आहे.

आग विझल्यावरही उपग्रहाचे काम संपत नाही. सेंटिनेल-२ चे १० ते २० मीटर तपशिलाचे चित्र साधारण दर पाच दिवसांनी मिळते. आगीपूर्वीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवले की जळालेली जमीन वेगळ्या रंगात उठून दिसते. किती क्षेत्र जळाले याचा हिशेब ठिपके मोजून नव्हे, तर या डागांवरून करणे योग्य ठरते.

दिसणे आणि श्वासात जाणे

उपग्रहाची सर्वांत मोठी मर्यादा उंची आणि वेळ यांच्याशी निगडित आहे. दुपारी जमीन तापलेली असते, हवा वर चढते आणि धूर उंच जातो. तेव्हाच व्हिर्सचे उपग्रह डोक्यावरून जातात. धुराचा पट्टा चित्रात स्पष्ट दिसतो, पण त्याचा मोठा भाग लोकांच्या डोक्यावरून निघून जात असतो. रात्री उलटे होते. थंड हवेचा थर खोऱ्यात बसतो, त्यावर उबदार हवेचे झाकण येते आणि धूर जमिनीलगत अडकतो. सूर्यप्रकाश नसल्याने धुराचे रंगीत चित्र मिळत नाही. अतिनील किरणांवर आधारलेला निर्देशांकही जमिनीलगतच्या धुराला कमी प्रतिसाद देतो. अशा रीतीने धूर माणसाच्या सर्वांत जवळ असतो, तेव्हाच तो उपग्रहाला सर्वांत कमी दिसतो.

वेळेची मर्यादा पंजाब-हरियाणाच्या उदाहरणातून अधिक स्पष्ट होते. २०२४ मध्ये तेथील पेंढा जाळण्याच्या नोंदी दुपारच्या उपग्रहांवर घटल्या होत्या. एका जागी राहून सतत पाहणाऱ्या कोरियन उपग्रहाच्या निरीक्षणांत मात्र दुपारनंतर उशिरा आगी वाढल्याचे दिसले. केवळ दीड वाजताच्या चित्रावर विसंबले, तर आगी कमी झाल्या असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता. संध्याकाळी भाजले जाणारे राबही दुपारच्या चित्रात येत नाहीत.

धुरातील २.५ मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसांत खोलवर जातात. भारतात त्यांची चोवीस तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ मायक्रोग्रॅमची आहे. ही पातळी ओलांडली की नाही, हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे जमिनीवरील मापक यंत्र. हवेचा नमुना गाळण कागदावर घेतल्यास प्रयोगशाळेत धुराचे मूळही कळते. लाकूड आणि पाला जळताना सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसॅन हा पदार्थ तयार होतो. प्लास्टिक किंवा डिझेल जळताना तो तयार होत नाही. वणवा की कारखाना, या वादात असा एक कागद अनेक उपग्रहचित्रांहून निर्णायक ठरू शकतो.

वाचकाला काय करता येईल

नासाचे 'वर्ल्डव्ह्यू' आणि 'फर्म्स', युरोपचा 'कोपर्निकस ब्राउझर' आणि इस्रोचे 'मॉसडॅक' या संकेतस्थळांवर ही चित्रे सर्वांसाठी खुली आहेत. आगीचे ठिपके साधारण तीन तासांत उपलब्ध होतात. धुराचा वास आला की पुढील क्रम उपयोगी पडतो :

१. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि वासाचा प्रकार लगेच लिहून ठेवावा. पाल्याचा, रबराचा आणि रसायनाचा वास वेगवेगळा असतो.

२. त्या दिवसाचे आणि आदल्या दिवसाचे आगीचे ठिपके पाहावेत. वारा ज्या बाजूने आला, त्या बाजूचेच ठिपके विचारात घ्यावेत.

३. रंगीत चित्रात धुराचा अरुंद उगम दिसतो का, ते तपासावे. ढग असल्यास निष्कर्ष काढू नये.

४. तोच ठिपका गेल्या पावसाळ्यातही त्याच जागी होता का, हे पाहावे. असल्यास तो बहुधा उद्योगाचा आहे.

५. जवळच्या हवा मापन केंद्राच्या त्याच तासाच्या आकड्यांशी हे सारे ताडून पाहावे.

एवढी माहिती हाती असेल तर वन खात्याकडे किंवा प्रदूषण नियंत्रण यंत्रणेकडे केलेली तक्रार मोघम राहत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्यात आग लावण्यास मनाई आहे आणि राखीव वनांसाठी भारतीय वन कायदा १९२७ मध्ये तशीच तरतूद आहे. मात्र आग कोणी लावली, हे उपग्रह सांगत नाही. तो जागेचा आणि वेळेचा पुरावा देतो. माणसापर्यंत पोहोचण्यासाठी प्रत्यक्ष पंचनामाच लागतो.

खडोलीपासून साट्रेपर्यंतच्या गावांसाठी या विद्येचा खरा उपयोग दोन कामांसाठी आहे. वणव्याची खबर वेळेत मिळाली तर जाळरेषेवर माणसे पोहोचू शकतात. आणि धुराचा उगम पुराव्यानिशी कळला तर दहा गुंठ्यांचा राब भाजणाऱ्याच्या माथी साऱ्या खोऱ्याचा धूर मारला जात नाही, तसेच वणव्याच्या धुराआड चिमणीचा धूरही लपत नाही. त्यासाठी उपग्रहाच्या जोडीला प्रत्येक औद्योगिक गावात आणि प्रत्येक अभयारण्याच्या वेशीवर हवा मोजणारे एक चालू यंत्र असणे आवश्यक आहे.